नववीला वीस मिनिटं कमी

नगराळे सरांच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक शाळेच्या कार्यालयात खिळ्याला टांगलेली असे, तिला गंज चढला होता. दुसरी सरांच्या पँटच्या खिशात. तीस सप्टेंबरला सर निवृत्त होणार आणि खिशातली किल्ली नव्याने लागलेल्या प्रियंका मॅडमकडे जाणार हे नक्की झालं, तेव्हापासून सरांचा हात दिवसातून दहा वेळा खिशाकडे जाऊ लागला. चोराने न्यावं असं त्या कपाटात काही नव्हतं. काचेच्या बरणीत पिवळा पडलेला एक साप, दोन बेडूक, एक पाय गळालेला खेकडा, आणि खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात बांधलेला वाळक्या वनस्पतींचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर लाल शाईत ‘चूक’ असं लिहिलेलं होतं. खरं तर चूक सरांची होती, आणि ती दुरुस्त करायला जे माणूस लागत होतं ते अठरा वर्षांपासून शाळेत नव्हतं.

धर्मपाल नगराळे मूळचे वणीचे. वडील कोळशाच्या खाणीत. पोराने अंधारात उतरू नये एवढीच त्यांची इच्छा, म्हणून त्यांनी त्याला अमरावतीला कॉलेजात घातलं. तिथे धर्मपालला झाडांचं वेड लागलं. एम.एस्सी. करावं, रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा कराव्यात, एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात ‘ओळखणारा’ या शब्दापुढे आपलं नाव असावं, असं त्याला फार वाटे. पण वडील थकले, झरी जामणी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिक्षकाची जागा निघाली, आणि दोन वर्षं काढू, मग पुढे शिकू, असं म्हणून तो आला. ती दोन वर्षं तेहतीस वर्षं चालली. या काळात सरांचे केस गेले, पोट आलं, दोन मोटारसायकली झिजल्या. अमरावतीची ओढ मात्र काही झिजली नाही. ती सगळी त्यांनी नववीच्या एका धड्यात ओतली. बाकीचे धडे सर शिकवत, ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ हा धडा ते साजरा करत.

धड्याचा पहिला तास चपलांचा. शाळेत चपला व्हरांड्यात काढून वर्गात बसायची पद्धत होती. त्या दिवशी सर सगळ्या चपला आत आणायला लावत आणि वर्गाच्या मधोमध त्यांचा ढीग करत. मग म्हणत, “लावा यांची गटवारी. पण कशावरून लावली ते सांगता आलं पाहिजे.” पोरं तुटून पडत. कोणी रंगावरून लावी, कोणी लहान-मोठ्यावरून. एका वर्षी एकाने सगळ्या डाव्या एका बाजूला आणि उजव्या दुसऱ्या बाजूला लावल्या, आणि मधल्या सुट्टीत निम्मी शाळा लंगडत फिरली. कोणीही काहीही लावलं तरी सर खूश. वस्तू त्याच, पण तुम्ही काय पाहता त्यावर गट ठरतात, एवढं पोरांच्या डोक्यात शिरलं की सर भरून पावत.

अठरा वर्षांपूर्वीच्या चपलांच्या तासाला जमनी टेकाम उठली. ही डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, चार किलोमीटर चालत येणारी मुलगी, वर्गात फारशी बोलत नसे. तिने एकेक चप्पल उलटी करून तळवा पाहिला आणि तीन ढीग केले. सरांना काही उमजेना. एका ढिगात लहान-मोठ्या, लाल-निळ्या सगळ्या एकत्र.

“हे कशावरून, जमनी?”

“मातीवरून. हे काळ्या वावरातून येतेत. हे कोळशाच्या रोडनं येतेत, ट्रकाची धूळ हाय पाहा. अन् हे लाल मातीचे, आमच्याकडचे.”

सर तो तळवा हातात धरून उभेच राहिले. पंधरा वर्षं शिकवत होते आणि चपलेचा तळवा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. घरी इंदूबाईंनाही त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तिले अमरावतीले पाठवा, नाही तं मले तरी झोपू द्या.” सरांच्या मनात ते आधीच आलं होतं. आपलं राहिलं ते ही करेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जमनीला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी प्रत्येकाने दहा वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवून आणायच्या होत्या. जमनीच्या एका कागदावर दोन वेली होत्या. पानं दोन्हींची पिंपळासारखी, पण एका वेलीला खाली लोंबणारे बारीक फुलांचे तुरे आणि दुसरीला तीन धारांच्या कोवळ्या शेंगा. पोडावर ज्याचा कंद राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खातात, त्या रानकंदाच्या त्या वेली.

सरांनी कागद वर धरला. “एका कागदावर एकच वनस्पती लावायची, सांगितलं होतं ना?”

“एकच हाय, सर.”

“एकीला तुरे, एकीला शेंगा. दोन वेगळ्या दिसत नाहीत का तुला?”

“एकच हाय. हा नवरा अन् हे बायको. नवऱ्याले फळ नाई धरत. आजीनं सांगतलं.”

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “मंग याइचं लगन कोनं लावलं?” हसू आणखी वाढलं, आणि सरही हसले. फार नाही, थोडंसंच. पण शिक्षक हसला की वर्गाच्या हसण्याला परवानगी मिळते. नवरा काय, बायको काय, विज्ञानाच्या तासाला हे काय बोलणं, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. त्यांनी लाल पेनाने ‘चूक’ लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘या दोन वेगळ्या जाती आहेत.’

जमनी क्षणभर कागदाकडे पाहत उभी राहिली. मग तिने दप्तर उचललं, व्हरांड्यातली चप्पल पायात सरकवली आणि चालू लागली. “जमनी, खाली बस,” सर म्हणाले, पण ती फाटकाजवळ पोचली होती. तास संपायला वीस मिनिटं होती. उद्या येईल, असं म्हणून सरांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढचं शिकवायला घेतलं.

ती उद्या आली नाही, परवा आली नाही. दिवाळीनंतर सर पोडावर गेले, तर बाप म्हणाला, पोरगी पैनगंगेपलीकडे मामाकडे कापूस वेचायला गेली. पुढच्या वर्षी लग्न झाल्याचं कानावर आलं. सरांना वाईट वाटलं, पण त्या भागात अशा गळालेल्या मुली दर वर्षी दोन-चार असत. हजेरीपटावर त्यांनी तिच्या नावापुढे रेघ मारली आणि तिचा कागद गठ्ठ्यात बांधून टाकला. तो का टाकून दिला नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

नऊ वर्षांनी अमरावतीच्या एका कॉलेजातले प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन त्या जंगलात आले आणि शाळेत मुक्कामाला उतरले. सरांना दिवाळीच आली. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कौतुकाने आपला गठ्ठा सोडला. प्राध्यापक कागद उलटत होते. जमनीच्या कागदावर ते थांबले. “वा, नर आणि मादी दोन्ही वेली एकाच कागदावर. हे नववीच्या मुलीने केलं?” मग त्यांची नजर लाल शाईवर गेली. सभ्य माणूस, त्यांनी हळूच पुढचा कागद उलटला.

पपईत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, नराला फळ येत नाही, हे सर दर वर्षी शिकवत होते. त्यांच्या स्वतःच्या परसात एक पपई दर वर्षी फुलून रिकामी राही आणि शेजाऱ्यांना ते ऐटीत सांगत, “तो नर आहे, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.” इंदूबाईंना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी परसाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “पपईचं तं समजे तुमाले. तिनं कंदाचं सांगतलं तं काहून नाही समजलं?” त्या दिवशी सर जेवले नाहीत.

अमरावतीला त्यांना एक रीत शिकवली होती. वाळवलेल्या वनस्पतीवरची ओळख चुकली असं पुढे कळलं, तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही. चुकणाऱ्याचं नाव तसंच राहू द्यायचं. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, खरी ओळख लिहायची, तारीख घालायची आणि खाली ओळखणाऱ्याने सही करायची. सरांनी नवी चिठ्ठी तयार केली. ‘डायोस्कोरिया. रानकंद. एकच जात, नर व मादी वेली.’ ओळखणारा, या शब्दापुढची जागा त्यांनी रिकामी सोडली. तिथे स्वतःचं नाव त्यांना सहज घालता आलं असतं. आयुष्यभर त्याच जागेची हौस होती. पण पेन त्या रेघेवर टेकवलं की हात थांबे.

मग सुरू झाली शोधाशोध. बाजाराच्या दिवशी सर डोंगरातून आलेल्या बायकांना विचारत, “जमनी टेकाम कुठे दिली?” बायका एकमेकींकडे पाहत आणि गप्प बसत. टक्कल पडलेला एक मास्तर दर आठवड्याला एकाच बाईचा पत्ता विचारतो, यावर कोणी काय समजावं? पोडावर आता तिचं कोणी उरलं नव्हतं. आजी गेली होती, बाप भावाकडे निघून गेला होता. दर सप्टेंबरला, वेलींना तुरे लोंबू लागले की, सर कपाट उघडत, ती चिठ्ठी पाहत आणि परत ठेवत. वर्गात जमनीच्या जागी, तिसऱ्या बाकावर खिडकीशी, जी कोणी मुलगी बसलेली असे, तिच्याकडे पाहून त्यांना वाटे, ही ती असती तर. तिच्या तोडीचं दुसरं कोणीच त्यांना पुन्हा भेटलं नाही, आणि ती पुन्हा दिसावी असं त्यांना जितकं वाटे तितकं पोटच्या पोरांच्याही बाबतीत कधी वाटलं नव्हतं. पोरं निदान फोन तरी करत.

या वर्षी जुलैत प्रियंका मॅडम मुलांना घेऊन वनखात्याच्या रोपवाटिकेतून रोपं आणायला गेल्या. या मॅडम आर्णीकडच्या, नुकत्याच लागलेल्या, सरांची जागा पुढे त्यांच्याकडेच जाणार होती. परत आल्यावर चहा पिताना त्या म्हणाल्या, “सर, तिथे एक बाई आहे. मुलांनी रोपांच्या पिशव्या सगळ्या एकत्र केल्या होत्या, तिने नुसत्या दोन-दोन पानांवरून पाच मिनिटांत वेगळ्या केल्या. मी विचारलं, किती शिकलात? तर म्हणे, नववी, वीस मिनिटं कमी.”

सरांचा कप बशीवर आपटला. “नाव काय तिचं?”

“जमनीबाई म्हणत होत्या सगळ्या.”

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि सर कागद पुठ्ठ्यात बांधून मोटारसायकलवर बसले. मनात त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली सात-आठ बायका माती, रेती आणि शेणखत कालवून पिशव्या भरत होत्या. सरांनी त्यांतली जमनी ओळखली नाही. तिनेच सरांना ओळखलं.

“सर, केस कुठी गेले तुमचे?”

जुळवलेलं सगळं सर विसरले. त्यांनी सरळ पुठ्ठा सोडला. जमनीने आधी हौदावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि मग कागद घेतला. बराच वेळ ती वेलींकडे पाहत होती. “आजीनं तोडून देल्ले होते हे,” ती म्हणाली.

“तुझं बरोबर होतं, जमनी. माझं चुकलं. मला नऊ वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून तुला शोधतोय.” सरांनी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. “इथे सही कर. ही ओळख तुझी आहे.”

जमनीने पेन घेतलं नाही.

“लाल पेनाचं काही नाई, सर. कोनाचंबी चुकते. मायंबी चुकते इथं, रोपं मरतेत. पन तुमी हसले.”

नऊ वर्षं ते लाल शाई उराशी घेऊन फिरत होते. आपल्या हसण्याची गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. आता तो आवाज त्यांना लख्ख ऐकू आला, आपलाच. ते पिशव्यांच्या रांगांकडे पाहत राहिले.

“अन् तुमी मले इथं येऊन सांगून राह्यले,” जमनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नुसती पिशवी कशी भरायची ते सांगावं तशी सांगत होती. “इथं तं कोनी हासलं नोतं. हासले ते वर्गात.”

“मग वर्गात ये. तो धडा मी यंदा अजून घेतला नाही. तीस सप्टेंबरला माझा शेवटचा तास आहे, नववीवर.”

“रोजीवर हाव मी. पाहू.” तिने कागद नीट पुठ्ठ्यात ठेवून परत दिला आणि मातीकडे वळली.

पाहू, या शब्दावर सरांनी दोन महिने काढले. पुन्हा रोपवाटिकेत जावं असं त्यांना अनेकदा वाटलं. दोनदा तर ते अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊनही आले. पण आग्रह करण्याचा आपला हक्क राहिलेला नाही, हे त्यांना कळत होतं. प्रियंका मॅडमना त्यांनी एवढंच सांगितलं, “बाकी सगळे धडे घ्या, हा मला ठेवा.”

तीस तारखेला सकाळी शाल, नारळ, भाषणं झाली. सरांनी कित्येक पिढ्या घडवल्या असं चौघांनी सांगितलं. सरांचं लक्ष फाटकाकडे होतं. शेवटचा तास सुरू झाला तेव्हा फाटकात एक शेळी तेवढी उभी होती. सरांनी सवयीने चपला आत आणायला लावल्या आणि ढीग केला. मग ते खिडकीशी गेले, घड्याळ पाहिलं, पुन्हा खिडकीशी गेले. प्रियंका मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. दहा मिनिटं गेल्यावर सर म्हणाले, “लावा गटवारी,” आणि खुर्चीवर बसले. तेहतीस वर्षांत या तासाला ते पहिल्यांदाच बसले होते.

पोरांनी रंगाने लावलं, मापाने लावलं. मग वैष्णवी नावाची एक मुलगी जोड्या मोजता मोजता थांबली.

“सर, आमी एकतीस हावो. जोड बत्तीस हायेत.”

“नीट मोज.”

“मोजले, सर. हा कोनाचाच नाही.” तिने एक जोड वर धरला. बाईमाणसाची रबरी चप्पल, निळा पट्टा, एका बाजूने तारेने बांधलेला.

सरांनी ती हातात घेतली आणि उलटी केली. तळव्याला काळी माती नव्हती, कोळशाची धूळ नव्हती. लाल माती, तीत रेती, आणि रेतीत शेणखताची काडी. अशी माती कुठल्याच रस्त्यावर नसते, ती हाताने कालवावी लागते. सरांना दाराकडे पाहण्याचा धीर होईना. व्हरांड्यातून चपला आत आणल्या तेव्हा ती मागच्या वाटेने येऊन तिथेच, भिंतीआड उभी असणार.

“आत ये, जमनी,” ते चपलेकडे पाहतच म्हणाले.

ती अनवाणी दारात आली. सरांनी पुठ्ठा सोडला, कागद वर्गासमोर धरला आणि सगळं सांगितलं. तुरे आणि शेंगा, नवरा आणि बायको. मागून दोघं-तिघं फिसकले. सर थांबले. ती पोरं शांत होईपर्यंत थांबले. “त्या दिवशीही वर्ग असाच हसला होता,” ते म्हणाले, “आणि वर्गाबरोबर मी हसलो. हिचं बरोबर होतं. लाल पेनाची चूक लहान होती, हसण्याची मोठी होती. आज वर्गात सांगतो आहे, कारण चूक वर्गात झाली होती.”

जुन्या चिठ्ठीशेजारी त्यांनी नवी चिठ्ठी चिकटवली आणि पेन पुढे केलं. जमनी टेबलावर वाकली. एकेक अक्षर जोडत तिने आपलं नाव लिहिलं. मग थोडा विचार करून त्याच्या वर, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, आजीचं नाव लिहिलं. पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

“घंटीले किती वेळ हाय, सर?”

सरांनी घड्याळ पाहिलं. “वीस मिनिटं.”

जमनी बाकांमधून चालत खिडकीशी असलेल्या तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथल्या दोघी मुली सरकल्या. ती बसली, पदर सावरला आणि दोन्ही हात बाकावर ठेवले.

“मंग त्या दिवसाचं राह्यलेलं शिकवा,” ती म्हणाली.

सरांनी फळा पुसला. अठरा वर्षांपूर्वी जिथे थांबायला हवं होतं आणि ते थांबले नव्हते, तिथून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.